पशुवैद्यकातला स्पेशालिस्ट घडतो कसा?

"याला एकदा कार्डिओलॉजिस्टला दाखवून घ्या," असं नेहमीच्या पशुवैद्याने सांगितलं की कुत्र्याचा मालक आधी चमकतोच. प्राण्यांच्या हृदयाचे वेगळे डॉक्टर? असतात. डोळ्यांचे, मेंदूचे, कातडीचे, दातांचे, कर्करोगाचे असतात, एवढंच काय, नुसती भूल देण्याचेही असतात. एकट्या अमेरिकेत विशेष शाखांची प्रमाणपत्रं देणाऱ्या 22 मान्यताप्राप्त संस्था आहेत आणि त्यांच्याकडच्या शाखांची संख्या 40 च्या वर जाते. त्यातली विकृतिशास्त्राची (पॅथॉलॉजीची) संस्था 1949 मधली, शस्त्रक्रियेची 1965 मधली. युरोपात हे जरा उशिरा सुरू झालं. तिथली शल्यचिकित्सकांची संस्था 1991 ची आणि सगळ्या शाखांवर देखरेख ठेवणारं मंडळ 1996 चं. वाट तशी नवीच, त्यामुळे ती नेमकी कुठून कुठे जाते हे पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाही बरेचदा पुरतं माहीत नसतं.

सुरुवात पदवीपासून करू. पदवी आणि नोंदणी हातात आली की पशुवैद्य कोणत्याही प्राण्यावर, कोणत्याही आजारासाठी उपचार करू शकतो. सकाळी गाय, दुपारी पोपट, संध्याकाळी मांजराचं सिझेरियन. कायद्याच्या दृष्टीने त्याला कोणतीच मनाई नाही. अडचण कायद्याची नसतेच, आवाक्याची असते. पाच-सहा वर्षांत सगळ्या प्राण्यांचं सगळं शिकवायचं म्हटलं की प्रत्येक विषयाच्या वाट्याला थोडंथोडंच येणार. स्पेशालिस्ट व्हायचं तर त्या पायावर पुढे आणखी चार ते सहा वर्षांचं काम चढवावं लागतं. आधी एक वर्षाची रोटेटिंग इंटर्नशिप, मग पुष्कळांच्या बाबतीत एका ठरावीक शाखेतली आणखी एक वर्षाची इंटर्नशिप, मग साधारण तीन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे त्या शाखेतल्या तज्ज्ञांच्या नजरेखाली रुग्णालयात काम करत शिकणं, आणि शेवटी त्या शाखेच्या संस्थेची परीक्षा. ती पार केली की 'डिप्लोमेट' ही उपाधी मिळते.

इथे भारतातल्या वाचकाचा एक घोळ होण्याची शक्यता आहे, तो आत्ताच मिटवलेला बरा. भारतात बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. हा पशुवैद्यकाच्या पदवीचा साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि इंटर्नशिपचं एक वर्ष त्यातच धरलेलं असतं. वर म्हटलेली इंटर्नशिप ही नव्हे. ती पदवीनंतरची, स्वतंत्र अर्ज करून मिळवायची जागा असते आणि तिथे तुम्ही विद्यार्थी म्हणून नाही, डॉक्टर म्हणून कामाला असता. तसंच एम.व्ही.एस्सी. ही विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी आहे, तिच्यात वर्ग, प्रबंध आणि संशोधन यांना मोठी जागा असते. रेसिडेन्सीचा भर जवळजवळ सगळा आजारी प्राण्यांवर असतो. काही विद्यापीठं रेसिडेन्सीला जोडूनच मास्टर्स किंवा पीएच.डी. करायला लावतात, पण एक गोष्ट दुसरीच्या जागी चालत नाही.

आता या वर्षांमध्ये होतं काय, ते एका केसवरून पाहू.

रात्री उशिरा एक मोठ्या जातीचा, खोल छातीचा कुत्रा आणला जातो. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. उलटी काढायचा प्रयत्न करतोय, पण फेसाशिवाय काही येत नाही. हिरड्या फिकट, नाडी वेगवान आणि अशक्त. जठर वायूने फुगून स्वतःभोवती फिरलं आहे. पशुवैद्यकातल्या अगदी हातघाईच्या प्रसंगांपैकी हा एक.

रात्रपाळीला इंटर्न असतो. या वेळी त्याच्याकडून अपेक्षा एवढीच की त्याने प्राणी जिवंत ठेवावा आणि योग्य माणसाला फोन करावा. ऐकायला सोपं आहे. पण त्यातही बारकावे आहेत. सलाईन पुढच्या पायांच्या शिरांमधून द्यायचं, मागच्या नाही, कारण फुगलेल्या जठराने पोटातली मोठी शीर दाबलेली असते आणि मागून दिलेलं पाणी हृदयापर्यंत धड पोचत नाही. एक्स-रे उजव्या कुशीवर झोपवून काढायचा, कारण त्या बाजूनेच जठराचे दोन कप्पे वेगळे दिसून 'फिरलंय की नुसतं फुगलंय' हे कळतं. पोटातली हवा काढायला तोंडातून नळी घालायची, तर ती आधी नाकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत मोजून खूण करायची. नळी जात नसेल तर जोर करायचा नाही, बाहेरून जाड सुई टोचून हवा सोडायची. हे सगळं पुस्तकात आहे आणि इंटर्नने ते परीक्षेत लिहिलेलंही असतं. पण पहाटे, मालक काचेपलीकडे रडत असताना, हे याच क्रमाने हातून होणं वेगळं. इंटर्नशिपचं वर्ष त्यासाठी असतं. दर काही आठवड्यांनी विभाग बदलतो. इमर्जन्सी, मेडिसिन, सर्जरी, भूल, रेडिओलॉजी, असं फिरत फिरत हाताला वळण लागतं आणि आपल्याला पुढे नेमकं काय आवडणार आहे, तेही कळतं. सर्जनच व्हायचं असं म्हणत आलेले कितीतरी जण वर्षअखेरीस न्यूरॉलॉजीकडे वळलेले असतात.

फोन लागतो सर्जरीच्या रेसिडेन्टला. तो येतो, पोट उघडतो, जठर सरळ करतो आणि थांबतो. थांबणं हा या शस्त्रक्रियेचाच भाग आहे. पीळ सुटल्यावर रक्त पुन्हा वाहू लागतं, आणि काळंनिळं दिसणारं जठर काही मिनिटांत गुलाबी होतं का, हे बघायचं असतं. झालं तर जठराचा भाग उजवीकडच्या पोटाच्या भिंतीला शिवून टाकायचा, म्हणजे ते पुन्हा फिरणार नाही. ही शिवण टाळली तर तोच कुत्रा तोच आजार घेऊन परत येण्याची शक्यता मोठी असते. पहिल्या वर्षाच्या रेसिडेन्टला ही शिवण घालता येते. रंग गुलाबीही नाही आणि काळाही नाही, राखाडी हिरवट आहे, अशा वेळी काय करायचं, हे त्याला अजून येत नसतं.

त्यासाठी त्याच्या शेजारी डिप्लोमेट उभा असतो. तो हात घालून भिंतीची जाडी बोटांनी चाचपतो, जठर अजून आकुंचन पावतंय का बघतो, वाटलंच तर कापून कडेला ताजं रक्त येतं का तपासतो, आणि सांगतो: एवढा भाग काढ. किंवा, ठेव. कधी तो काहीच सांगत नाही, "तुला काय वाटतं?" विचारतो आणि उत्तराची वाट बघतो. सगळ्या पदव्युत्तर क्लिनिकल शिक्षणाचा गाभा या प्रश्नात आहे असं माझं स्पष्ट मत आहे. माहिती पुस्तकांत मिळते, हात सरावाने बसतो. पण दोन्ही उत्तरं बरोबर वाटत असताना एक निवडायचं आणि त्याची जबाबदारी घ्यायची, हे कुणाच्या तरी नजरेखाली वारंवार केल्याशिवाय येत नाही. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीला तोच रेसिडेन्ट एकटा ऑपरेशन करतो आणि डिप्लोमेट घरी फोनवर असतो. या दोन टोकांमधलं अंतर किती जपून कापलं जातं, त्यावर त्या रेसिडेन्सीचा दर्जा ठरतो.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे केस संपली असंही नाही. अशा कुत्र्याच्या हृदयाचे ठोके पुढचा दिवस-दीड दिवस बिघडू शकतात, म्हणून ईसीजीवर नजर ठेवणारे क्रिटिकल केअरचे लोक लागतात. ऑपरेशनच्या वेळी रक्तदाब सांभाळणारा भूलतज्ज्ञ वेगळा. एका कुत्र्याभोवती तीन-चार शाखा. म्हणून सर्जरीच्या रेसिडेन्टलाही काही आठवडे भूल, रेडिओलॉजी, पॅथॉलॉजी या विभागांत काढावे लागतात. तो भूलतज्ज्ञ व्हावा म्हणून नव्हे, तर भूलतज्ज्ञ "थांबा" म्हणाला तर तो का म्हणाला हे त्याला कळावं म्हणून.

रेसिडेन्सीतला दिवस साधारण असा जातो. सकाळी राउंड्स: भरती असलेल्या प्रत्येक प्राण्याची माहिती पाठ सांगायची, वरिष्ठांचे प्रश्न झेलायचे. मग नवे रेफरल (म्हणजे बाहेरच्या पशुवैद्यांनी पाठवलेल्या केसेस), ऑपरेशनं किंवा तपासण्या, मालकांशी बोलणं, विद्यार्थ्यांना शिकवणं. संध्याकाळी रेकॉर्ड लिहिणं, आणि ज्या पशुवैद्याने केस पाठवली त्याला सविस्तर पत्र. हे पत्र क्षुल्लक वाटतं, पण रेफरलचा सगळा कारभार त्याच्यावर चालतो. ज्याला उत्तर येत नाही तो पुढची केस दुसरीकडे पाठवतो. आठवड्यातून एकदा जर्नल क्लब, म्हणजे ताजा शोधनिबंध घेऊन त्याची चिरफाड. मृत्यू आणि गुंतागुंतींवर वेगळी बैठक असते. काय बिघडलं, कुठे वेगळं करता आलं असतं, हे तिथे मोकळेपणाने बोललं जावं अशी अपेक्षा असते. काही ठिकाणी तसं होतं, काही ठिकाणी ती बैठक म्हणजे कनिष्ठांना झोडपायची जागा होऊन बसते.

या सगळ्याचा हिशेब ठेवावा लागतो आणि तो केस लॉगमध्ये ठेवतात. कोणती केस, कोणती शस्त्रक्रिया, मुख्य सर्जन तुम्ही होता की मदतनीस, देखरेख कुणाची होती, सगळं नोंदवायचं. प्रत्येक संस्थेने किती आणि कोणत्या प्रकारच्या केसेस लागतील ते ठरवलेलं असतं. सर्जरीत हाडांच्या इतक्या, मऊ ऊतींच्या इतक्या, असे वाटे असतात. शिवाय बहुतेक शाखांत स्वतःचं संशोधन करून ते तज्ज्ञांनी तपासलेल्या नियतकालिकात छापून आणावं लागतं. हे काम 'नंतर बघू' म्हणून मागे ढकललं जातं आणि शेवटच्या वर्षी मानेवर बसतं. निबंध स्वीकारला गेला नाही म्हणून परीक्षेलाच बसता आलं नाही, असं होऊ शकतं. हे सगळे कागद संस्थेची समिती तपासते आणि मगच परीक्षेचा दरवाजा उघडतो.

परीक्षेची धाटणी शाखेप्रमाणे बदलते. अमेरिकेतल्या सर्जरीच्या संस्थेची परीक्षा दोन टप्प्यांत होते: पहिल्यात पायाभूत ज्ञान, दुसऱ्यात केसेसवर आधारित निर्णय. रेडिओलॉजीत प्राथमिक आणि अंतिम असे दोन टप्पे. पॅथॉलॉजीत उमेदवारापुढे अवयवांची छायाचित्रं आणि सूक्ष्मदर्शकाखालचे काप येतात. अभ्यासासाठी जाडजूड ग्रंथ असतातच, वर गेल्या काही वर्षांतल्या नियतकालिकांची यादीही असते. म्हणून चांगल्या रेसिडेन्सीत 'ऑफ क्लिनिक' आठवडे आखून दिलेले असतात, ज्यात रुग्ण बघायचे नसतात, वाचन आणि संशोधन करायचं असतं. कागदावर असलेले हे आठवडे प्रत्यक्षात मिळतात का, हा प्रश्न वेगळा. नापास होणारे कमी नसतात, आणि नापास होणं म्हणजे अपात्र ठरणंही नाही. पुन्हा बसता येतं, फक्त संधी मोजक्या असतात.

पास झाल्यावरही पाटी कायमची टांगून ठेवता येत नाही. युरोपियन पद्धतीत दर 5 वर्षांनी पुनर्मूल्यांकन होतं, म्हणजे तुम्ही अजून त्या शाखेत काम करता का, नवं काही शिकता का, हे दाखवावं लागतं. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्स ही 1844 ची संस्था मान्यताप्राप्त स्पेशालिस्टांची यादी ठेवते आणि त्या यादीत नसलेल्याने स्वतःला स्पेशालिस्ट म्हणवू नये असा नियम आहे. तिथे मधली एक पायरीही आहे, अ‍ॅडव्हान्स्ड प्रॅक्टिशनरची. सामान्य पशुवैद्यापेक्षा एका विषयात पुढे गेलेला, पण डिप्लोमेट नसलेला. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची मिळून 1971 पासून एक संस्था आहे, तिची मेंबरशिप आणि फेलोशिप अशी दोन पातळ्यांची रचना आहे. स्पेशालिस्ट म्हणून नोंदणीसाठी यातली फेलोशिप धरतात, मेंबरशिप नाही. कुणाच्या नावापुढे अक्षरांची रांग दिसली तर ती कोणत्या पातळीची, हे विचारायला मालकांनीही संकोच करू नये.

सगळ्यांनाच रेसिडेन्सी करावी लागते असं नाही. अमेरिकन बोर्ड ऑफ व्हेटर्नरी प्रॅक्टिशनर्स ही 1978 ची संस्था एका अवयवाऐवजी प्राण्याच्या प्रकाराप्रमाणे प्रमाणपत्र देते: मांजरं, पक्षी, घोडे, दुभती जनावरं, सरपटणारे प्राणी. तिथे अनेक वर्षांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव, लिहून दिलेल्या केसेस आणि परीक्षा यांवरही पोचता येतं. चालू प्रॅक्टिस सोडून तीन वर्षं तुटपुंज्या विद्यावेतनावर जाणं ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी हा मार्ग आहे, आणि त्याबद्दल बोललं जायला हवं तितकं बोललं जात नाही. विकृतिशास्त्रासारख्या शाखेत रोटेटिंग इंटर्नशिपशिवायही थेट रेसिडेन्सी मिळू शकते. एक वर्ष उगाच खर्ची घालण्याआधी आपल्या शाखेचा नियम वाचलेला बरा.

जागा मिळवणं हा या वाटेवरचा सगळ्यात जीवघेणा भाग. रेसिडेन्सीच्या जागा थोड्या, अर्ज भरमसाट. अमेरिकेत आणि आसपास बहुतेक जागा 'मॅच' पद्धतीने भरतात. उमेदवार आपल्याला हव्या त्या जागांची क्रमवार यादी देतो, रुग्णालयं त्यांना हव्या त्या उमेदवारांची देतात, आणि संगणक जोड्या लावतो. निकाल बंधनकारक असतो. माणसांच्या डॉक्टरांसाठी ही पद्धत अमेरिकेत 1952 पासून आहे. तिच्यामागचं गणित डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी 1962 मध्ये स्वतंत्रपणे मांडलं, तेही महाविद्यालयीन प्रवेश आणि विवाह जुळवणीचं उदाहरण घेऊन. त्या धाग्यावरच शॅप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना 2012 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपली नेमणूक नोबेल मिळालेल्या गणिताच्या भावकीतल्या यंत्राने ठरते, याचं समाधान निकालाच्या दिवशी फारसं कुणाला होत नाही हा भाग निराळा. व्यवहारातल्या गोष्टी दोन. ज्या जागी जायचंच नाही ती यादीत घालू नये, कारण ती मिळाली तर जावं लागतं. आणि क्रम आपल्या खऱ्या पसंतीने लावावा, 'ते मला घेतील का' या अंदाजाने नाही.

अर्जात गुण बघतात, पण शिफारसपत्रं जास्त बारकाईने वाचतात. हे जग लहान आहे, पत्र लिहिणारा आणि वाचणारा बहुधा एकमेकांना ओळखतात. त्यामुळे मोठ्या नावाच्या, पण तुम्हाला फक्त वर्गात पाहिलेल्या प्राध्यापकाच्या चार गुळगुळीत ओळींपेक्षा, तुमच्याबरोबर रात्रपाळी केलेल्या डॉक्टरचं नेमकं पत्र वजनदार ठरतं. "हिने चूक लपवली नाही, पहाटे फोन करून सांगितली" असं एक वाक्य दहा विशेषणांपेक्षा उपयोगी पडतं.

जागा निवडताना उमेदवार सहसा दोन गोष्टींना भुलतात: रुग्णालयाचं नाव आणि केसेसची संख्या. खूप केसेस म्हणजे खूप शिक्षण, हे गृहीतक सगळ्यात फसवं आहे. देखरेखीशिवाय केलेल्या शंभर केसेसमध्ये माणूस आपलीच चूक शंभर वेळा पक्की करतो. विशेषतः इंटर्नशिपच्या बाबतीत, काही ठिकाणी इंटर्न म्हणजे रात्रपाळीला मिळालेला स्वस्त डॉक्टर, एवढाच अर्थ असतो. शिकवणारा डिप्लोमेट दिवसा असतो, इंटर्न रात्री, आणि दोघांची गाठ फक्त सकाळी केसेस सोपवताना पडते. थकवा, झोपेचे हाल, कर्जाचा बोजा आणि वर ही एकटेपणाची रात्रपाळी, यातून कितीतरी चांगली माणसं वर्षभरात ही वाटच सोडून देतात. त्यांच्यात दम नव्हता, असं त्यावर म्हणून मोकळं व्हायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. प्राणी भरती करताना पिंजरे किती रिकामे आहेत ते आपण बघतो, तसं शिकणारे घेताना शिकवणारे किती मोकळे आहेत तेही बघायला हवं.

म्हणून मुलाखतीला गेलात तर काही साधे प्रश्न जरूर विचारा. रात्री दोन वाजता अडलं तर फोन कुणाला करायचा, आणि तो प्रत्यक्ष येतो का? तुमच्या शाखेचे डिप्लोमेट किती आहेत, आणि त्यातला एक सोडून गेला तर पुढे काय? हे काल्पनिक नाही. एकुलता एक मेंटॉर, म्हणजे शिकवणारा डिप्लोमेट, नोकरी बदलून गेला की रेसिडेन्सी अर्ध्यावर लटकते. गेल्या काही वर्षांतले रेसिडेन्ट परीक्षा पास झाले का? कुणी मधेच सोडलं का, आणि का? ऑफ क्लिनिकचे आठवडे मागच्या वर्षी खरोखर मिळाले का? आणि हे प्रश्न विभागप्रमुखाला विचारून थांबू नका. सध्याच्या दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेन्टशी, वरिष्ठ जवळ नसताना, अर्धा तास बोला. त्याच्याशी एकट्याने बोलू द्यायला जे रुग्णालय आढेवेढे घेतं, ते यादीत खाली सरकवा.